गॉगलवाल्या देवीची भिंत

माझ्या आतेभावाच्या दिवाणखान्यात मारुती डंबेल उचलतो. शेजारी फुटबॉलची जर्सी घातलेला कृष्ण आहे, त्याच्यामागं मारधाडीच्या सिनेमाच्या पोस्टरवर असतो तसा ज्वाळांचा भडका. पलीकडं शंकराच्या जटेतून गंगेऐवजी कोल्ड्रिंक उसळतंय. सगळे काचेच्या फ्रेममध्ये, सगळ्यांवर छतातून एकेक छोटा दिवा सोडलेला. प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात चित्रकाराची सही आणि दुसऱ्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला बारीक आकडा: तिसांतला सातवा, तिसांतला अकरावा. पाहुणा आला की दादा आधी तो आकडा दाखवतो, मग चित्र.

“तीसच छापायचे,” तो समजावून सांगतो. “एकतिसावा निघणारच नाही. लिमिटेड एडिशन.”

मी वाढले त्या घरात छापील कागदाची लायकी नेमकी उलट ठरायची. सोलापुरात भवानी पेठेत वडिलांचा छोटा छापखाना होता, आता तो मी चालवते. यंत्रमाग कामगारांची पत्रकं, विडी वळणाऱ्या बायकांची पत्रकं, अंगात येणाऱ्या बुवांच्या विरोधातली पत्रकं. मी अक्षर ओळखायला शिकले ते मुद्रितांवरच. पत्रक जितक्या हातांत गेलं तितकं ते चांगलं. कमी छापलं तर लाज, उरलं तर त्याहून मोठी लाज. ते भज्यांच्या गाडीवर तेल टिपायला गेलं तरी वडील खूश असत. म्हणत, खाताना नजर पडेल की. कागद थोडे काढायचे, कुणाला मिळू नयेत म्हणून काढायचे आणि त्याचीच फुशारकी मारायची, ही कल्पना आमच्याकडं कुणाला सुचली असती तर त्याला जेवायला बसवून समजूत घातली असती.

देवाची टिंगल केली म्हणून मला राग येतो, असं कुणी समजू नये. टिंगल आमच्या घरी रोजची होती. पण ती स्वतःच्या नावानं, पत्त्यासकट छापलेली असायची, आणि तिच्यापायी दारावर दगड आले तर दार उघडून बाहेर उभं राहायचं, अशी रीत होती. दादाच्या दिवाणखान्यातली टिंगल वातानुकूलित आहे. विजापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये, सहाव्या मजल्यावर, वॉचमनला विचारल्याशिवाय जिथं दगडसुद्धा वर येऊ शकत नाही. आणि स्वयंपाकघरात, पाहुण्यांना दिसणार नाही अशा बेतानं, सागवानी देव्हारा आहे. त्यातल्या कुठल्याही देवानं गॉगल घातलेला नाही. त्यांना सकाळी आंघोळ, संध्याकाळी उदबत्ती. डंबेलवाला मारुती कुठल्या भिंतीवर टांगायचा हे ठरवायला दादानं वास्तुवाला बोलावला होता. दक्षिणेकडं नको, असं त्यानं सांगितलं. म्हणजे खिल्ली उडवायची, पण दिशा पाहून.

त्याच्यासारखे अजून काही जण गावात आहेत. एक दातांचा डॉक्टर, एक टॉवेलचा निर्यातदार, एक बिल्डर आणि त्याची बायको. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात, पांढरे सुती हातमोजे घालून एकमेकांचे प्रिंट उचलतात आणि “यात एक डायलॉग आहे” असं म्हणतात. मी एकदा विचारलं, कुणाचा कुणाशी? बिल्डरची बायको माझ्याकडं प्रेमानं बघत म्हणाली, “तू फार लिटरल आहेस गं.” या मंडळींना रस्त्यावरची कला आवडते. फक्त तिच्यातून रस्ता वजा करून हवा असतो.

त्यांच्या या शौकाचा मला एरवी काही त्रास नव्हता. तिरस्कार करायचा आणि चहा पिऊन घरी यायचं. पण दादानं आत्याच्या बोळात हात घातला.

आत्या म्हणजे दादाची आई. भवानी पेठेच्या मागच्या बोळात तिची एक खोली आहे. खोलीला खिडकी नाही. शाळेच्या गणवेशाला बटणं लावायचं काम ती घरी आणते, आणि दिवसाचा उजेड फक्त दारातून येतो, त्यामुळं उंबरठा हाच तिचा कारखाना. दादानं तिला फ्लॅटवर बोलावलं नाही असं नाही. ती चार दिवस राहून आली. म्हणाली, “तितं बोलायला कोन न्हाय. लिफ्ट तेवढी बोलती, ती बी इंग्रजी.” बोळात शेजारची तेलुगू मावशी विड्या वळत बसते, पलीकडची फॉल-पिको करते, दिवसभर तोंड चालू असतं. आत्याला ते सोडायचं नाही.

अडचण एकच होती, समोरची भिंत. बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्याची ती मागची बाजू. बोळाच्या तोंडाशी रिक्षाथांबा आणि त्याला लागून देशी दारूचं दुकान. तिथल्या प्रत्येक पुरुषाला ती भिंत म्हणजे आपली जहागीर वाटे. बायका समोर बसलेल्या असताना हे लोक पाठ करून उभे राहत. उन्हाळ्यात वास असा यायचा की आत्या दार लावून विजेच्या दिव्याखाली बटणं लावायची, आणि तिचे डोळे सुजायचे. बोळानं सगळे उपाय करून पाहिले होते. ‘येथे गाढव मुततो’ असं लिहिलं, गाढवाचं चित्रही काढलं. देवांच्या टाइल्स लावल्या, त्या कुणीतरी रात्रीत उचकटून स्वतःच्या जिन्यात नेल्या. शेवटी माझ्या वडिलांनी, देवाची भीती घालणं तत्त्वात बसत नाही म्हणून, मोठ्या अक्षरांत एक विवेकाचं वाक्य रंगवलं: ‘समोर माणसं राहतात.’ लोक त्या वाक्यावर मुतले.

आणि मग दादा पुण्याहून एका चित्रकाराला घेऊन आला.

भिंत ‘ऑथेंटिक’ आहे, असं चित्रकाराला वाटलं. नाकाला रुमाल बांधून त्यानं ती धुऊन घेतली आणि तिच्यावर देवी काढली. अष्टभुजा, वाघावर बसलेली, सिनेमातल्या नायिकेसारखी मान वळवलेली, डोळ्यांवर काळा गॉगल, पायांत पांढरे बूट. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्यात मोबाइल, तिसऱ्यात कोल्ड्रिंकची बाटली, चौथ्यात व्हिडिओ गेमचा रिमोट, आणि असंच पुढं. मागं गुलाबी किरणं. त्यावरूनच मग तीस प्रिंट निघाले. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला चित्रात चलाखी दिसली आणि बाकी काही नाही.

बोळानं मात्र ती वेगळीच बघितली.

“अगं, हिच्या हातात फोन हाय की,” आत्या म्हणाली. “देवीला बी रेंज येती व्हय हितं? मला न्हाय येत.”

“अय्यो, ऊन किती हाय,” तेलुगू मावशी म्हणाली. “अम्मानं गॉगल घातला तर काय झालं? तुज्या सुनेनं घातला तर चालतं.”

“माज्या सुनेला वाघ कुटं हाय?”

“तुजा ल्योक हाय की.”

दोघी बराच वेळ हसत होत्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी वाघाच्या पंजापाशी हळदकुंकू वाहिलं. मंगळवारी एक उदबत्ती लागली. आणि पुढच्या आठवड्यात बोळात वास नव्हता. रिक्षावाले चड्डीच्या नाडीला हात घालून आत यायचे, वर बघायचे, आणि हात नाडीवरून छातीकडं नेऊन परत फिरायचे. वडिलांचं वाक्य जिथं हरलं तिथं गॉगल जिंकला. मला हे बिलकूल आवडलं नाही. समोर माणूस आहे म्हणून जो लाजत नाही आणि चित्र आहे म्हणून घाबरतो, त्याच्याबद्दल मला आदर वाटणं शक्य नाही. पण आत्याचं दार दिवसभर उघडं राहू लागलं. डोळ्यांची सूज उतरली. तेवढ्यासाठी मी गप्प बसले.

मग दादाच्या घरच्या बैठकीत मला खरी गोष्ट कळली. आत्याचा निरोप द्यायला मी गेले होते. मंडळी हातमोजे घालून बसलेली होती, आणि दादानं जाहीर केलं, “तिसावा प्रिंट विकला गेला. येत्या रविवारी भिंत बंद.”

“बंद म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे व्हाइट. पूर्ण पांढरी. प्रिंटच्या सर्टिफिकेटमध्येच लिहिलंय. सगळे प्रिंट गेले की मूळ चित्र पुसायचं. त्याशिवाय आमच्याकडच्याला काय अर्थ राहिला?”

दातांचा डॉक्टर म्हणाला, “तीच तर ब्यूटी आहे. रस्त्यावरची कला क्षणभंगुर असते.”

“ती आपोआप क्षणभंगुर असते,” मी म्हणाले. “तुम्ही रंगारी बोलावताय.”

“आली पत्रकवाली,” दादा हसला. “काढ आता एक पत्रक. देवी बचाव कृती समिती. तुझ्या बाबांना काय वाटलं असतं पण?”

त्यानं बरोबर जागी टोचलं होतं. मी म्हणाले, “देवीचं मला काही नाही. ती भिंत तुझ्या आईच्या दारासमोर आहे. पांढरी केलीस तर चार दिवसांत तिथं पुन्हा रांग लागेल. तिनं दार लावून बसायचं का?”

“आईला किती वेळा सांगितलं, इकडं ये म्हणून. तिचा हट्ट आहे. आणि टाइल्स लावू की परत. चांगल्या इटालियन लावू.”

बिल्डरची बायको म्हणाली, “आपण आईंना एक प्रिंट गिफ्ट देऊ या ना. त्या आत लावतील.”

सगळ्यांना ही कल्पना आवडली. ज्या खोलीला खिडकी नाही तिथं भिंतीवर भिंतीचं चित्र.

मी घरी जाऊन लिहायला बसले. यात मला अडचण कधी येत नाही. राग आला की वाक्यं आपोआप ओळीत उभी राहतात. या वेळी पहिलंच वाक्य अडलं. देवी पुसू नका, असं लिहिलं तर माझ्या तोंडी ते शोभत नाही. आणि दुसरी भीती त्याहून मोठी होती. ज्यांच्या भावना नेहमी दुखायला टपलेल्या असतात त्यांच्या हाती असं पत्रक पडलं, तर ते आधी गॉगल बघतील, मग बूट बघतील, आणि भिंतच फोडून जातील. एका फोनवर त्यांची टोळी आणणं सोपं होतं. तो फोन मी केला नाही. शेवटी सरळ लिहिलं, की ही भिंत पुसली तर समोरच्या बायकांना दार लावून काम करावं लागेल, आणि हे तीस लोकांच्या हौसेसाठी चाललं आहे. आत्याला वाचून दाखवलं.

“चांगलं लिवलंस,” ती म्हणाली. “पन हे वाचनार कोन? मुतनारा वाचत न्हाय आनि पुसनाऱ्याला वाचून कळत न्हाय.”

“मग तू दादाला सांग. तुझा मुलगा आहे.”

“सांगितलं की. म्हनला, आई, ती आर्ट हाय, तुला कळायची न्हाय. म्या म्हनलं, मला वास कळतो. फोन ठिवला त्यानं.”

रविवारी सकाळी गाड्या बोळाच्या तोंडाशी लागल्या. बोळात त्या शिरत नाहीत, त्यामुळं मंडळी चालत आली. कडक कॉटनचे कुर्ते, हातांत कोल्ड कॉफीचे ग्लास, गळ्यात कॅमेरे. मुंबईहून एक संग्राहकही आला होता, उन्हातून आत आल्यावरही गॉगल न काढणारा, अगदी भिंतीवरच्या देवीसारखा. बायका आपापल्या दारांत बसून होत्या. आत्यानं बटणाचं काम थांबवलं नव्हतं, पण सुई सारखी सारखी बोटाला टोचत होती, हे मला दिसत होतं.

रंगारी नाक्यावरून आणलेला होता. पांढऱ्या रंगाची बादली, लांब दांड्याचा रोलर. चित्रकार पुण्यातून आलाच नव्हता. त्यानं फोनवर लाइव्ह दाखवायला सांगितलं होतं. दादानं छोटंसं भाषण केलं. त्यात ‘विसर्जन’ हा शब्द आला तेव्हा डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या. मग दादा म्हणाला, “करा सुरुवात.”

रंगारी उभाच राहिला. “साहेब, नारळ?”

“कसला नारळ?”

“काम काडायचं म्हनल्यावर नारळ नको व्हय? नारळाबिगर मी रोलर भिजवत न्हाय. मागच्याला असाच केला आनि शिडीवरनं पडलो.”

आता दादाच्या जागी तो मुंबईवाला असता तर म्हणाला असता, दुप्पट पैसे घे आणि चालू कर. पण दादा सोलापूरचा. फ्लॅटचा पाया, गाडीची चावी, ऑफिसातला नवा प्रिंटर, काहीही नारळाशिवाय सुरू झालेलं त्याला माहीत नाही. त्याला यात विचित्र असं काही वाटलंच नाही. त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ मागवला, सोबत हळदकुंकवाची पुडी. रोलरच्या दांड्याला कुंकू लावलं. मग सवयीनं चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, नारळ दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि भिंतीच्या पायथ्याशी, वाघाच्या पंजाखाली, दगडावर आपटला. एका फटक्यात दोन भकलं. पाणी भिंतीवर उडालं. दादानं तेच ओले हात जोडले. डोळेसुद्धा मिटले.

मग तेलुगू मावशी मोठ्यानं म्हणाली, “अम्मा पावली गं!” आणि तिनं दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर मोडली.

आत्या उठली. मांडीवरचा शर्ट खाली पडला. “शाब्बास रं माज्या लेका,” ती म्हणाली. “आता पूस.”

“आई, तू मध्ये येऊ नकोस.”

“मी कुटं येती? नारळ तू फोडलास. हात तू जोडलेस. आता तूच पूस तिला. घे की रोलर.”

दादानं खाली बघितलं. आपण काय केलं हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. तो म्हणाला, “अगं, तो कामाचा नारळ होता. देवीचा नव्हता.”

“मग देवीम्होरं कशाला फोडलास? बादलीम्होरं फोडायचा.”

रंगाऱ्यानं रोलर भिंतीला टेकवून ठेवला. “साहेब, मी न्हाय लावत. नारळ फोडलेल्या देवीवर रंग कसा मारू? माज्या घरात पोरंबाळं हायत.”

“जास्त देतो.”

“तुमीच मारा मग. लई सोपं हाय. वरून खाली.”

मुंबईवाला वैतागून म्हणाला, “ओके, व्हॉट इज द प्रॉब्लेम?” दादानं त्याला समजावण्याचा प्रयत्न केला. धर्माची थट्टा, लोकप्रिय संस्कृती, पवित्र आणि अपवित्र यांची सरमिसळ, यावर तासभर बोलू शकणारा हा माणूस रोलरच्या दांड्याकडं बघत उभा होता आणि त्याचा हात पुढं जात नव्हता. मी डॉक्टरला म्हणाले, “तुम्ही घ्या की. क्षणभंगुर आहे.” डॉक्टरनं कोल्ड कॉफीचा घोट घेतला. टॉवेलवाल्या निर्यातदाराला फोन आला, किंवा आल्यासारखा त्यानं केला. बिल्डरच्या बायकोनं हळूच पर्समधून रुमाल काढून डोक्यावर घेतला. मुंबईवाला स्वतः पुढं सरसावला, तेव्हा दादानंच त्याचा हात धरला. म्हणाला, “आज नको सर. आज अमावस्या आहे.”

अमावस्या नव्हती. नंतर मी कॅलेंडर बघितलं.

सगळ्यांत जास्त किळस मला त्या क्षणी आली. विश्वास असता तर मी वाद घातला असता. विश्वास नसता तर हात मिळवला असता. या लोकांकडं दोन्ही नव्हतं. नुसती भीती होती, आणि तिला त्यांनी फ्रेम करून घेतलं होतं. रिक्षावाल्याची भीती निदान उघडी होती, त्यानं तिच्यावर दिवे सोडले नव्हते.

गाड्या गेल्या. बायकांनी खोबरं वाटून खाल्लं. मलाही दिलं, मीही खाल्लं. खोबऱ्याशी माझं भांडण नाही.

वाटलं, झालं. पण दोन दिवसांनी चित्रकाराच्या ऑनलाइन पानावर एक फोटो आला. तीच भिंत, तोच बोळ, कोपऱ्यात आत्याच्या दाराची चौकट, आणि भिंत पांढरीशुभ्र. संगणकावर पुसलेली. खाली लिहिलं होतं: ‘भिंत बंद. आता फक्त तीस.’ दादानं त्यावर हात जोडल्याची खूण टाकली होती. मुंबईवाल्यानं लिहिलं होतं, ‘मी तिथे होतो.’

मी छापखान्यातून थेट आत्याकडं गेले. “आता ऐक,” मी म्हणाले. “ही शुद्ध फसवणूक आहे. यांचं सर्टिफिकेट खोटं आहे. मी आजच फोटो काढते, भिंतीसमोर आजचं वर्तमानपत्र धरून, आणि पत्रक काढते. सगळ्यांची तोंडं काळी करते.”

“कर की,” आत्या म्हणाली. “मग ते काय करतील?”

“काय करणार? उघडे पडतील.”

“उगडं पडल्यावर मानूस काय करतो? झाकतो. भित न पुसल्याची बोंब झाली, की पुसायला येतील. लांबचा रंगारी आनतील, नारळ न मागनारा. माजा ल्योक यायचा बी न्हाय त्यादिवशी.”

मी उंबरठ्याच्या बाहेर उभी होते. खिशात मजकूर तयार होता, आणि तो चांगला होता. आजवरच्या माझ्या पत्रकांतला सगळ्यांत धारदार. वडील म्हणायचे, खरं कळलं की ते दुसऱ्याला सांगेपर्यंत झोप लागता कामा नये.

“म्हणजे त्यांना खोटं बोलू द्यायचं?”

“बोलू दे. त्यांच्या कागदावर पुसलेली ऱ्हाऊ दे. तेवढ्यानं त्यांचं भागतंय न्हवं?”

तेलुगू मावशीनं विडीला दोरा गुंडाळत मान हलवली. म्हणाली, वर पत्रा टाकायचा विचार आहे, पावसात अम्माचा रंग जाईल. वर्गणी काढू. पुढं जमलं तर एक घंटाही.

“घंटा?” मी ओरडले. “मावशी, उद्या दानपेटी ठेवाल. परवा एखादा बुवा येऊन बसेल. मंदिर केलंत तर पहिलं पत्रक मी तुमच्याविरुद्ध काढीन.”

“काड की,” आत्या म्हणाली. “तवा मी बी वाटीन तुज्यासंगं. तवाचं तवा.”

असं म्हणून तिनं शर्टांचा एक ढीग माझ्याकडं सरकवला आणि सुईत दोरा ओवून दिला. मी चिडलेलीच होते. तशीच बसले आणि बटणं लावू लागले.